‘सामान्य व्यक्ती’चे आसन : आरोग्यसंशोधनातील लोकमताची एक चिकित्सा

नवी औषधे व त्यांच्या चाचण्या यांसंबंधीचे केंद्र सरकारचे जे नियम २०१९ साली अमलात आले, त्यांनुसार माणसांवर करावयाच्या चाचणीला संमती देणाऱ्या नीतिसमितीत किमान सात सभासद असावे लागतात. वैद्यकशास्त्राचे जाणकार तीत असतातच. त्यांखेरीज एक कायदेपंडित, एक स्त्री, समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, धर्मशास्त्री किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांपैकी एक, आणि शेवटी एक ‘लेपर्सन’ अशी ही मांडणी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही असे एक आसन राखून ठेवले आहे. मराठीत या आसनावर बसणाऱ्याला बहुधा ‘सामान्य व्यक्ती’ म्हटले जाते. शब्द साधा आहे, कोणी त्याला हरकत घेतलेली नाही; आणि नेमके म्हणूनच तो तपासून पाहण्याजोगा आहे.

मूळ इंग्रजी शब्दाचा उगम ग्रीक भाषेतील ‘लाओस’, म्हणजे ‘लोक’, या शब्दाकडे जातो. ख्रिस्ती धर्मसंस्थेने त्याला ‘दीक्षा न घेतलेला’ असा अर्थ दिला, आणि पुढे वैद्यक, कायदा इत्यादी व्यवसायांनी तो अर्थ आपापल्या उंबरठ्यापाशी आणून ठेवला. जो आमच्यातला नव्हे तो ‘ले’. अर्थात ही व्याख्या अभावाची आहे. मराठीने शब्द घेतला तो मात्र निराळ्या कुळातला. ‘सामान्य’ म्हणजे जे अनेकांत समान आहे ते. वैशेषिकांच्या पदार्थविचारात ‘विशेष’ हा त्याच्या समोरचा पदार्थ. त्यामुळे मराठीतील ‘सामान्य व्यक्ती’ केवळ दीक्षाहीन राहत नाही, ती विशेषहीनही होते. आता संशोधनाच्या समितीत बाहेरच्या माणसाला बोलवावयाचे ते कशासाठी? त्याच्यापाशी जे विशेष आहे त्यासाठी: त्याचे गाव, त्याचे दुखणे, दवाखान्यापर्यंतची त्याची वाट. ज्या गुणासाठी माणसाला बोलवावयाचे तोच गुण नाकारणारे नाव त्याला द्यावयाचे, असा हा प्रकार आहे.

जुन्या मराठीत याहून बरा शब्द होता. ‘प्राकृत’ हे विशेषण लोकांनाही लावीत आणि लोकांच्या भाषेलाही. माणूस आणि त्याची वाणी यांची फारकत त्या शब्दात झालेली नव्हती. महानुभाव परंपरेत केशिराजांना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून नागदेवाचार्यांनी परावृत्त केले, ते पंथातील म्हाताऱ्या बायकांना ती रचना पारखी होईल म्हणून. मराठी विभागांतून हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा दाखला म्हणून शिकविला जातो. तो वस्तुतः सभासदत्वाचा दाखला आहे. ज्या भाषेत व्यवहार चालतो तिच्यावरून त्या सभेत कोण आहे आणि कोण नाही हे ठरते, ही जाण त्या निर्णयामागे आहे.

हीच जाण घेऊन नंदुरबार जिल्ह्याकडे पाहिले असता काय दिसते? १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६,४८,२९५ होती, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत घराघरांतून पावरी आणि भिलीची इतर रूपे बोलली जातात. नवापूरकडे मावची व कोकणी. तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी व गुजर समाजाची बोली. २०११ च्या जनगणनेने भिली व तिच्या गटातील बोली बोलणारे देशभरात एक कोटीहून अधिक मोजले, तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात त्यांना स्थान नाही. मराठी ही या जिल्ह्याच्या कचेरीची, शाळेची आणि एस. टी. स्थानकाची भाषा आहे. विद्यापीठात जिला आपण लोकभाषा म्हणतो ती तोरणमाळच्या पठारावर राजभाषा होते. केशिराजांच्या काळी संस्कृतच्या वाट्याला जी जागा होती, तिच्यावर तेथे आज मराठी बसलेली आहे. हे कटू वाटेल; पण पुढील सारा विचार या गोष्टीवर अवलंबून असल्यामुळे ती प्रथम नमूद करणे भाग आहे.

या जिल्ह्यात लोकमताचा एक गंभीर प्रयोग होऊन गेला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली महाराष्ट्रात ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती, उस्मानाबाद, पुणे व ठाणे यांच्या बरोबरीने नंदुरबार होते. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे राज्यपातळीवरील समन्वयाचे काम होते. पद्धत अशी की, गावातील समितीने लोकांना एकत्र बसवून लसीकरण, बाळंतपणापूर्वीची तपासणी, परिचारिकेच्या भेटी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वागणूक इत्यादी बाबींवर मते घ्यावयाची आणि ती तीन रंगांत नोंदवावयाची. हिरवा म्हणजे चांगले, पिवळा म्हणजे बरे, लाल म्हणजे वाईट. मग केंद्र, तालुका व जिल्हा या पायऱ्यांवर जनसुनवाई. तीत गावकऱ्यांनी बोलावयाचे आणि अधिकाऱ्यांनी तेथल्या तेथे उत्तर द्यावयाचे.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रयोगातील दोन गोष्टी मोलाच्या वाटतील. पहिली म्हणजे रंगांचा तक्ता. जेथे अक्षर हेच एक कुंपण आहे तेथे रंगाने त्या कुंपणात वाट पाडली. निरक्षर बाईने लाल म्हटले की तो लालच राहतो. लिहिणाऱ्याला तिचे म्हणणे ‘काही अंशी असमाधानकारक’ असे सौम्य करून घेता येत नाही. दुसरी गोष्ट जनसुनवाई. हा एक संवादप्रकार आहे आणि त्याचे व्याकरण लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. गावकऱ्याचे बोलणे कर्तरी असते: नर्सबाई आल्या नाहीत, डॉक्टर बाहेरून औषध आणावयास सांगतात, गाडी घाटाखालीच थांबली. कर्ता आहे, क्रिया आहे, दिवस आहे, पुष्कळदा मृत मुलाचे वयही आहे. कचेरीची मराठी मात्र कर्मणीत चालते: चौकशी करण्यात येईल, सूचना देण्यात आल्या आहेत, दक्षता घेण्यात यावी. या वाक्यांत कर्ता कोठेही सापडत नाही. एकाच सभागृहात एकाच भाषेची ही दोन व्याकरणे समोरासमोर उभी राहतात. जनसुनवाईचे खरे यश असे, की तीत अधिकाऱ्याला काही काळ तरी कर्तरी प्रयोगात बोलावे लागते. आणि तिची मर्यादा अशी, की सभा संपल्यावर इतिवृत्त लिहिले जाते ते पुन्हा कर्मणीत.

तथापि या प्रयोगाचे मोठे न्यून व्याकरणात नाही. तक्त्यातील बाबी आधीच ठरलेल्या होत्या. शासनाने ज्या सेवांचे आश्वासन दिले त्या मिळाल्या की नाही, एवढेच लोकांनी सांगावयाचे होते. देखरेखीसाठी ते योग्यच आहे. दिलेल्या शब्दाचा हिशेब मागताना शब्दाची यादी समोर असावी लागते. पण त्यामुळे एक सवय लागते. लोकांना उत्तर देण्याचा अधिकार मिळाला म्हणजे लोकसहभाग पूर्ण झाला, असे मानले जाऊ लागते. प्रश्न ठरविण्याचा अधिकार चर्चेतही येत नाही. आणि सेवेचे क्षेत्र सोडून संशोधनाच्या क्षेत्रात आले की सारे काही प्रश्नावरच अवलंबून असते, कारण संशोधनाचा पैसा प्रश्नाला मिळतो. कोणता प्रश्न अनुदानास पात्र ठरला यावर पुढील पाच-दहा वर्षे कोणत्या गावात कोण येणार, कोणाचे रक्त घेणार, आणि काय मोजले जाणार नाही, हे ठरून जाते. नीतिसमितीतील ‘सामान्य व्यक्ती’ येते ती यानंतर. प्रश्न ठरलेला असतो, पद्धत ठरलेली असते, खर्चाचा अंदाज झालेला असतो. संमतिपत्रक वाचून ‘हे समजण्यासारखे आहे’ किंवा ‘नाही’ एवढे सांगणे तिच्या हाती उरते. लग्न ठरल्यावर मुलीला विचारावे, तसे हे आहे.

नंदुरबारच्या संदर्भात या म्हणण्याची कसोटी सिकलसेलच्या आजारावर लावून पाहता येते. भारतात या विकृतीचा पहिला शोध १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लेहमन व कटबुश यांनी लावला. पुढे मध्य व पश्चिम भारतातील अनेक जमातींत ती आढळली, आणि सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाज रक्ततपासणीच्या नकाशावर आला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. आजार खरा आहे आणि त्याच्या वेदना भयंकर आहेत, याविषयी दुमत नाही. पण अभियानाची मराठी वाचावी.

तीत मुख्य शब्द दोन: ‘वाहक’ आणि ‘निर्मूलन’. आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला मनुष्य वाहक. तो बहुधा आजारी नसतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर दर गरोदरपणी चारात एक या प्रमाणात मूल आजारी जन्मण्याचा संभव. धडगावच्या माणसाला ‘वाहक’ हा शब्द अपरिचित नाही. एस. टी.च्या गाडीत ‘चालक’ पुढे बसतो आणि तिकिटे फाडणारा ‘वाहक’. परिभाषा घडविणाऱ्यांना हा वाहक आठवला नसावा. ऐकणाऱ्याला मात्र तोच प्रथम आठवणार. यात हसण्यासारखे आहे, पण हसून सोडण्यासारखे नाही. ओळखपत्रावर तो शब्द लागलेली मुलगी आजारी आहे की नाही, हे तिच्या सासरच्यांना त्या शब्दातून कळत नाही. ‘निर्मूलन’ हा शब्द तर अधिक तपासावा लागेल. देवीच्या रोगाचे निर्मूलन म्हणजे विषाणूचे निर्मूलन. रक्तातून वंशपरंपरेने येणाऱ्या गुणाचे निर्मूलन म्हणजे कशाचे? व्यवहारात त्याचा अर्थ होतो: कोणी कोणाशी लग्न करू नये. म्हणजे संशोधनाचा व कार्यक्रमाचा भर गणनेकडे आणि विवाहाच्या सल्ल्याकडे झुकतो. ज्या घरात आजारी मूल आहे तेथील आईला विचारले असते, तर तिने हाच प्रश्न पहिला मांडला असता काय? की कळा सुरू झाल्या असता रात्री काय करावे, हायड्रॉक्सियुरियाची गोळी जवळच्या केंद्रात नियमाने का मिळत नाही, पोर शाळेत बसू शकत नाही त्याचे काय, हे तिचे प्रश्न असते? तिच्या वतीने उत्तर देणे ही पुन्हा तीच चूक ठरेल. एवढेच निश्चित म्हणता येते की हे प्रश्नही संशोधनाचेच आहेत, त्यांनाही पैसा लागतो, आणि तो कोणत्या प्रश्नाला आधी मिळावा हे ठरविणाऱ्या बैठकीत तिच्यासाठी नेमाने राखलेले आसन नाही.

असे विचारले गेल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राज्याच्या अगदी विरुद्ध, पूर्वेकडील टोकाला, गडचिरोलीत. १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापणाऱ्या अभय व राणी बंग यांनी आरंभीच्या काळात सिकलसेलचाच अभ्यास हाती घेतला होता. शोध लागला, परंतु लोकांच्या दृष्टीने ती त्यांची निकडीची अडचण नव्हती, प्रश्न संशोधकाच्या जिज्ञासेतून आला होता. आपल्या या चुकीविषयी अभय बंग यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. मराठीतील आत्मपर वैज्ञानिक लेखनात अशी कबुली विरळा. यानंतर त्यांच्या कामाची दिशा पालटली. आदिवासींची आरोग्यसंसद भरू लागली आणि तीत गावोगावचे लोक आपल्या व्यथांचा क्रम स्वतः लावू लागले. रुग्णालय कसे असावे हेही लोकांना विचारले गेले. म्हणून ते दंतेश्वरी मातेच्या नावाचे झाले आणि त्याची रचना आदिवासी वस्तीची आठवण देणारी झाली.

त्यांचा स्त्रीरोगांविषयीचा अभ्यास या दृष्टीने विशेष बोलका आहे. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, असे समजणाऱ्या जगाला हा आकडा नवा होता. गावातील बायकांना तो नवा नसावा. ‘धुपणी’, ‘अंगावरून जाणे’ हे शब्द मराठी स्त्रियांच्या बोलण्यात किती काळ आहेत! ज्याला नाव आहे ते दुःख कोणाला तरी ठाऊक होते. ते शब्द ज्या घरांत बोलले जात तेथे प्रश्न ठरविणारे कधी बसले नव्हते, इतकेच. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक बोलीच्या अभ्यासकांनी शब्दसंग्रह म्हणून वाचावे. आरोग्याच्या पुस्तकांच्या कपाटात ते ठेवले गेल्यामुळे मराठी विभागांचे नुकसान झाले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळू नये. लोकांचे ज्ञान नेहमीच हितकारक असते काय? मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईने डाग देण्याची चाल आहे. ती लोकांचीच चाल आहे. पोटाच्या आणि छातीच्या विकारांना ‘डबा’ असे एकच नाव देणारी माय निदान करीत नाही. हे सारे मान्य केले पाहिजे. परंतु यातून निघते ते इतकेच, की उपचार कोणता हे मतदानाने ठरत नसते. बाळाचा श्वास लागला हे प्रथम कोणाच्या लक्षात येते, कोणत्या शब्दाने ती ते सांगते, आणि सांगितल्यावर किती तासांनी मदत पोहोचते, या प्रश्नांत मात्र तीच तज्ज्ञ असते. शास्त्रज्ञाला उत्तराचा अधिकार. प्रश्नाच्या निवडीत दोघांचा. नंदुरबारमधून दर वर्षी हजारो कुटुंबे पावसाळा सरल्यावर ऊसतोडीला व इतर मजुरीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. थंडीत आखलेल्या पाहणीतून नेमकी हीच घरे गळतात. ही गोष्ट समजण्यास सांख्यिकीची पदवी लागत नाही, आणि पदवीधराच्या मात्र ती ध्यानात येत नाही असे पुष्कळदा घडते.

इंग्लंडमध्ये या बाबतीत पुष्कळ पुढे गेलेली व्यवस्था आहे. १९९६ पासून तेथील सरकारी आरोग्यसंशोधनात लोकांना स्थान देण्याचा उपक्रम चालू झाला. २००४ साली निघालेल्या जेम्स लिंड अलायन्स या संस्थेने रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून अनुत्तरित प्रश्नांची क्रमवार यादी करण्याची रीत घालून दिली. अनुदानाच्या अर्जात साध्या इंग्रजीतील सारांश द्यावा लागतो आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक अर्ज वाचून आपले मत देतात. याची गरज का भासली ते २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका लेखावरून कळते. गुडघ्याच्या संधिवातावरील संशोधन बव्हंशी औषधे व शस्त्रक्रिया यांभोवती फिरत होते. रुग्णांना हवी होती ती माहिती, व्यायाम आणि रोजचे जगणे सुसह्य करण्याचे उपाय. पण या व्यवस्थेलाही तिचे टीकाकार भेटले आहेत. अर्ज वाचून मत लिहिणारा स्वयंसेवक बहुधा सुशिक्षित, सवडीचा आणि लेखी भाषेत सराईत असतो. हीच रीत जशीच्या तशी सातपुड्यात उतरविली तर त्या आसनावर बसेल तो आश्रमशाळेचा शिक्षक किंवा मराठी उत्तम बोलणारा कार्यकर्ता. तो वाईट नव्हे. पण तो आधीच उंबरठ्याच्या आत आलेला आहे.

म्हणून या जिल्ह्यापुरता विचार करावयाचा तर ‘सामान्य व्यक्ती’ची संख्या एकाच्या दोन करणे हा उपाय दुय्यम ठरतो. प्रस्ताव इंग्रजीत, संमतिपत्रक मराठीत आणि आजारपण पावरीत, ही जी उतरंड आहे ती तिन्ही पायऱ्यांवर हलवावी लागेल. संशोधनाचा सारांश अनुदान मिळण्यापूर्वी पावरीत आणि मावचीत बोलून दाखविला जावा. होळीच्या सुमारास, माणसे घरी असताना. आणि दुभाष्याचा खर्च प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत असावा. संमतिपत्रकाची भाषा सोपी करण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. ती सोपी व्हावीच. पण संमती ही ‘होय’ किंवा ‘नाही’ या दोन शब्दांत संपते, आणि दोन शब्दांचा कोश देऊन कोणाला सभेत बोलाविले असे म्हणता येत नाही.

भाषाशास्त्राच्या स्वतःच्या इतिहासातही हा पेच येऊन गेला आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा भिल्लांच्या बोलींना व खानदेशीला वाहिलेला भाग १९०७ साली निघाला. सर्वेक्षणाची रीत अशी होती की, प्रत्येक बोलीचे नमुने मागवावयाचे. पहिला नमुना सर्वांना एकच दिलेला: बायबलातील उधळ्या पुत्राची कथा, आपापल्या बोलीत सांगितलेली. दुसरा नमुना त्या लोकांच्याच तोंडचा; त्यांची एखादी गोष्ट किंवा गाणे. शब्दांची व वाक्यांची ठरीव यादी तिसरी. तौलनिक अभ्यासकाला पहिला व तिसरा नमुना सोयीचा, कारण रकान्याला रकाना जुळतो. बोली कशाविषयी बोलते हे मात्र दुसऱ्यातच कळते. लोकाधारित देखरेखीचा तीन रंगांचा तक्ता हा पहिल्या जातीचा नमुना होता, आणि त्या कामासाठी तो चांगला होता. आरोग्यसंशोधनाच्या अनुदानासाठी नंदुरबारकडून दुसऱ्या जातीचा नमुना मागविण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. तो उतरवून घेण्याचे कसब बोलींच्या अभ्यासकांपाशी आहे. वैद्यकीय महाविद्यालय नंदुरबारात २०२० पासून आहे. त्याच्या आणि बोलीच्या अभ्यासकांच्या दरम्यान अंतर आहे ते रस्त्याचे नव्हे.